'हात लावून बघा' म्हणे! हात पोचला तर लावू ना

आत्ता घरी आलेय, पायांचे तुकडे पडलेत, धाकटी बुटांसकट सोफ्यावर झोपलीये आणि मी हे टाइप करतेय कारण इथे नाही ओकले तर सगळं नवऱ्यावर निघेल, आणि त्या बिचाऱ्याची चूक एवढीच की "सुट्टी आहे तर मुलांना सायन्स म्युझियमला नेऊया" हे तो म्हणाला. आणि मी हो म्हणाले. शाळेच्या सुट्टीत. भर दुपारी. एक सात वर्षांचा आणि एक चार वर्षांची घेऊन. शहाणी मी.

आता लगेच "सुट्टीत गर्दी असणारच" असं सांगायला येऊ नका, ते मलाही कळतं, रांगेत उभं राहायचीही तयारी होती. माझा संताप वेगळाय. अशा म्युझियममधली वस्तू असतेच मुळी हातात घ्यायला, बिघडवायला, "परत करून बघू" म्हणायला. काचेमागे ठेवून बघायची नसते ती. आणि सुट्टीत नेमकं तेच उरत नाही. उरतं काय, तर बटण दाब, पळ, पुढचं बटण दाब, पळ. दाबल्यावर काय झालं हे बघायला कोणी थांबतच नाही, कारण मागून कोणाची तरी आई "झालं का तुमचं?" म्हणत असते. (एकदा ती आई मीच होते. लाज वाटली. पण म्हणाले.)

त्या दोन मोठ्या वाटोळ्या डिश असतात ना, हॉलच्या या टोकाला एक आणि त्या टोकाला एक, एकीसमोर कुजबुजलं की दुसरीकडे कानात बोलल्यासारखं ऐकू येतं. डिशचा आकार पॅराबोलाचा, तिच्या फोकसपाशी, म्हणजे आवाज जिथे एकवटतो त्या बिंदूपाशी, बोललं की आवाज सरळ समोरच्या डिशवर जातो आणि तिच्या फोकसपाशी पुन्हा गोळा होतो. माझ्या मुलाने हे पुस्तकात वाचलं होतं आणि आठवडाभर मला सांगत होता की मी तुला एक सीक्रेट सांगणार आहे. पाऊण तास उभे होतो. आमचा नंबर आला तेव्हा दोन्ही डिशच्या मधे एक अख्खं कुटुंब सेल्फी काढत उभं, शेजारी कोणीतरी ढोल बडवल्यासारखा एक पाइप बडवतंय, आणि माझं पोरगं तिकडून जीव तोडून कुजबुजतंय. मला काय ऐकू येणार, कप्पाळ? शेवटी तो ओरडला. बेंबीच्या देठापासून ओरडला. सीक्रेट सगळ्या हॉलला कळलं, मी सोडून.

मग तो लंबक. फुकोचा. १८५१ साली फुको या फ्रेंच शास्त्रज्ञाने पॅरिसच्या पँथिऑनमध्ये ६७ मीटर लांब तारेला २८ किलोचा गोळा टांगून दाखवला होता की पृथ्वी फिरते, आकाशाकडे न बघतासुद्धा. इथला अर्थात छोटा आहे, खाली गोलात खुंट्या मांडलेल्या, लंबक एकेक करून पाडत जातो. आता हा प्रकारच असा की बघायचा तर कठड्याला टेकून निवांत उभं राहायचं, एक खुंटी पडायला बराच वेळ लागतो. आम्ही उभे राहिलो तर शेजारचे गृहस्थ आपल्या मुलाला म्हणाले, "मोटर आहे रे वरती, ती फिरवते, चल." अहो!! झुलतं ठेवायला वर इलेक्ट्रोमॅग्नेट लावतात बऱ्याच ठिकाणी हे खरं, नाहीतर हवेच्या विरोधाने थांबेल ते, पण झोक्याची दिशा तो नाही हो बदलत, खालची जमीन फिरते, आपण सगळे फिरतोय, हीच तर गंमत आहे! मी तोंड उघडलं तोवर ते गेलेसुद्धा. ते पोरगं आता जन्मभर मोटर म्हणणार.

मोठ्यांवरच राग आहे माझा खरं तर. पोरं ढकलाढकली करतात, ठीक आहे, पोरं आहेत. पण चाळिशीचे बाबा त्या फिरत्या खुर्चीवर बसून हात आत घेतायत बाहेर काढतायत, स्पीड वाढतोय कमी होतोय, बायको व्हिडिओ काढतेय, आणि त्यांचं स्वतःचं मूल रांगेत आमच्या मागे! आणि सावली गोठवणारी भिंत, जिच्यावर फॉस्फरचा लेप असतो, फ्लॅश पडेपर्यंत न हलता उभं राहायचं मग आपण बाजूला झालो तरी सावली तिथेच राहते, तिथे माझी चार वर्षांची लेक श्वाससुद्धा रोखून पुतळा झाली होती, आणि फ्लॅशच्या आधी अर्धा सेकंद एका बाईंनी तिच्यासमोर आपलं बाळ धरलं. भिंतीवर बाळाची सावली आली. माझ्या लेकीचा फक्त एक कान. त्यावर बाई हसून म्हणाल्या, "सो क्यूट."

शोचं तर विचारूच नका. व्हॅन डी ग्राफवाला, स्थिर वीज साठवणारा तो चकचकीत गोळा, हात ठेवला की केस उभे. पन्नास माणसं मावतील अशा खोलीत दोनशे कोंबलेली, एसी धापा टाकतोय, आणि दमट हवेत चार्ज टिकत नाही हे त्या बिचाऱ्या दाखवणाऱ्या मुलीलाही माहीत असणार, ती घासतेय, पुसतेय, परत चालू करतेय, तेवढ्या श्वासांच्या वाफेत कुठले केस उभे राहणार. दोन बटा हलल्या. टाळ्या वाजल्या.

आणि त्या पाट्या! 'दुरुस्तीसाठी बंद'. एका हॉलमध्ये मी सात मोजल्या. पूर्वी वाचलं होतं की फ्रँक ओपेनहायमरने (अणुबाँबवाल्या रॉबर्टचा धाकटा भाऊ) १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एक्सप्लोरेटोरियम हे असंच सायन्स म्युझियम काढलं तेव्हा तिथलं वर्कशॉपच लोकांना दिसेल असं ठेवलं, वस्तू बनताना आणि दुरुस्त होताना बघा म्हणून. म्हणजे मोडकी वस्तूसुद्धा बघण्यासारखी! इथे मोडक्या वस्तूवर कापड टाकून दोरी बांधलेली. तिकिटं मात्र दारात अखंड चालू, आत माणूस मावतोय की नाही याच्याशी कोणाला काही घेणंदेणं नाही.

सगळ्यात शेवटी धाकटीला प्रॉमिस केलेला बॉल. खालून हवेचा झोत आणि त्यावर तरंगणारा बॉल, तिरका केला तरी न पडणारा, कारण हवा बॉलला चिकटून वळते आणि बॉलला परत आत ओढते. फोटोत बघून दोन दिवस तोच ध्यास होता तिचा. पोचलो, आणि चक्क रांग नाही! हवा सुरू आहे जोरात, बॉल नाही. मी शोधला, खाली वाकून शोधला, मग तिथल्या माणसाला विचारलं.

"बॉल सुट्टीत काढून ठेवतो मॅडम, पोरं घेऊन जातात."

"मग लावता कधी?"

"शाळा सुरू झाल्या की."

धाकटी त्या हवेवर तळहात धरून उभी होती. म्हणाली, आई, शाळा कधी सुरू होणार?