बंड्याचे गुडघे

बंड्या म्हणजे माझा चार पायांचा रोबो. सांधे हलवायला आठ एसजी-९० सर्व्हो, म्हणजे छोट्या मोटरी, घरच्या थ्री-डी प्रिंटरवर छापलेले पीएलए प्लास्टिकचे पाय आणि डोक्याच्या जागी आर्डुइनो नॅनो हा चिमुकला कंट्रोलर बोर्ड. सामान सगळं पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातलं, तापकीर गल्लीतलं, त्यामुळे घरात किंमत सांगायला लाज वाटत नाही. गुडघ्यांवर पुढे किती गेले ते मी सांगत नाही आणि सुदैवाने कोणी विचारतही नाही.

भानगड सगळी गुडघ्यांचीच. तीन मिलिमीटरचा बोल्ट तीन मिलिमीटरच्या भोकात जात नाही. छापताना गरम प्लास्टिक आतल्या बाजूला ओढलं जातं आणि भोक आखडतं. म्हणून ड्रॉइंगमध्ये ३.२ द्यायचं. मग बोल्ट सुळकन जातो आणि गुडघा खुळखुळतो.

बाबा टूलरूममधून निवृत्त झालेत. उभा जन्म मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात गेला. त्यांनी बंड्याची तंगडी दोन बोटांत धरून हलवली.

"क्लिअरन्स किती ठेवलायस?"

"पॉइंट दोन."

"मिलिमीटर?"

मी हो म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. "अरे, एवढ्यातून म्हैस जाईल."

हिशेब त्यांच्याच बाजूने आहे. सांध्यात एक अंश ढिलाई असली, की १०० मिलिमीटरच्या पायाच्या टोकाशी ती पावणेदोन मिलिमीटर होते. वर सर्व्होच्या प्लास्टिकच्या गिअरांची ढिलाई वेगळी. एक पाय उचलला, की उरलेले तिघे आपापल्या सोयीने झुकतात. बंड्या चालत नाही, वरातीत नाचतो.

मग बाबांच्या हुकमावरून चाचणीपट्टी छापली. ३.० ते ३.४, ओळीने पाच भोकं. ३.१ मध्ये बोल्ट अडला. "हेच ठेव," बाबा म्हणाले, "आणि ड्रिल बिट हाताने फिरवून साफ कर. मशीनला लावलास तर प्लास्टिक वितळेल." दोन्हीकडे वॉशर घातले, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, आपोआप सैल न होणारा) पूर्ण आवळून पाव फेरा मागे घेतला. गुडघा असा बसला, की सर्व्हो कण्हायला लागला. अर्धा फेरा मागे घेतला, तर म्हैस परत. त्यात प्रिंटरच्या प्लास्टिकचं निळं रीळ संपलं, पिवळं लावलं. फाइल तीच, प्रिंटर तोच, पण पिवळ्या गुडघ्यात बोल्टची चाल निराळीच. पुन्हा पट्टी.

"अरे, आईंचेही गुडघे दाखवायचेत डॉक्टरांना," बायको म्हणाली. "त्यांचा नंबर कधी?"

बाबांनी आता कपाटातून ०.०२ मिलिमीटरपर्यंत मोजणारा व्हर्नियर काढलाय. बंड्याचा मागचा डावा पाय रात्री त्यांच्या उशाशी असतो आणि त्याला हात लावायची मला परवानगी नाही.

परवा बंड्या जेवणाच्या टेबलावर पहिल्यांदा नाकासमोर चालला आणि नाकासमोरच खाली गेला. तीन गुडघे छपाईच्या थरांवरून सोलल्यासारखे तुटले. मागचा डावा तेवढा शाबूत. बाबांनी आधी तोच उचलला, कानाशी धरून हलवला आणि आईला म्हणाले, "चहा टाक गं, आणि जरा साखर घाल आज."