उद्यानातला सोनकिडा आणि बाभळीखालची माती

गेल्या रविवारी सकाळी पावसाने उघडीप दिल्यावर, पुण्यात आमच्या घराजवळच्या उद्यानात फिरताना, कुंपणालगतच्या बाभळीच्या खालच्या फांदीवर मला सोनकिडा, म्हणजे चमकदार कवचाचा भुंगेरा, दिसला. तब्बल तीस वर्षांनी दिसला. अंगठ्याच्या पेराहून मोठा, पाठ पिकल्या चिंचोक्यासारखी तांबूस आणि गुळगुळीत, मानेचा भाग मात्र असा हिरवा, की ऊन तिरपे झाले की त्यात निळी आणि तांबडी झाक उमटावी. पंधरावीस मिनिटे मी तिथेच उभा होतो. तो संथपणे पाला कुरतडत होता आणि शेजारून धावणाऱ्या कुणाचेही तिकडे लक्ष नव्हते.

हा रंग म्हणजे शाईसारखे रंगद्रव्य नव्हे. त्याच्या कवचात अत्यंत पातळ थर एकावर एक रचलेले असतात, त्यांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात आणि साबणाच्या फुग्यावर दिसतो तसा झळाळता रंग दिसतो. म्हणूनच किडा मेला तरी रंग विटत नाही. याच्याच हिरव्या पंखांच्या भाईबंदांची पंखकवचे आपल्याकडच्या कारागिरांनी मलमलीवर जरीसोबत टाचली. लंडनमध्ये १८८८ साली एलेन टेरी या अभिनेत्रीने लेडी मॅकबेथच्या भूमिकेत घातलेला झगाही अशाच सुमारे हजार पंखांनी मढवलेला होता, आणि तो आजही जपून ठेवलेला आहे.

आमच्या मराठवाड्यातल्या गावी मात्र सोनकिडा म्हणजे काडेपेटी. पहिले पाऊस झाले की आम्ही मुले बाभळी धुंडाळायचो, काडेपेटीत कोवळा पाला घालून त्यावर किडा ठेवायचो आणि शाळेत दप्तरातून नेऊन एकमेकांना दाखवायचो. काही दिवसांनी पेटीत तांदळाएवढी अंडी सापडली, की ज्याच्या पेटीत ती सापडली त्याचा वर्गात मान वाढायचा. त्या अंड्यांतून पुढे काहीच का निघत नाही, हे आम्हाला कधी कळले नाही. सोनकिड्याची मादी अंडी मातीत घालते. या कुळातल्या बहुतेक भुंगेऱ्यांच्या अळ्या लाकूड पोखरून राहतात, पण याच्या अळ्या जमिनीखाली मुळे खाऊन वाढतात. आपल्याला दिसतो तो चमचमता किडा म्हणजे त्याच्या आयुष्याचे शेवटचे काही आठवडे. बाकीचे सारे आयुष्य अंधारात, मातीत गेलेले असते. आम्ही अंड्यांना माती मिळूच दिली नाही, याचे मला आज मनापासून वाईट वाटते.

आणि म्हणूनच त्या बाभळीखालचे दृश्य पाहून मी अस्वस्थ झालो. उद्यानाचे सुशोभीकरण चालू आहे. पायवाटेला काँक्रीटचे ठोकळे बसवून झाले आहेत, कडेची झुडपे उपटून तिथे आणलेली हिरवळ अंथरली आहे, आणि हे काम आता बाभळीपासून जेमतेम दहा पावलांवर येऊन थांबले आहे. झाड तोडणार नाहीत, असे मुकादमांनी मला सांगितले, आणि त्यांच्या शब्दावर माझा विश्वास आहे. पण बुंध्यापर्यंत ठोकळे बसवल्यावर झाड उभे राहिले तरी सोनकिड्याला त्याचा काय उपयोग? आपण झाडे मोजतो, झाडे लावतो, झाडांसाठी भांडतोही. झाडाखालची उघडी माती मात्र आपल्याला अजून ओसाड जागाच वाटते, आणि माझ्या मते आपल्या शहरी उद्यानांची सर्वांत मोठी चूक हीच आहे.

सोमवारी मी उद्यानाच्या कार्यालयात लेखी अर्ज दिला. बाभळीच्या बुंध्याभोवती पंधरा फुटांपर्यंत फरशी घालू नये, तिथली माती खणू नये, पालापाचोळा झाडू नये आणि कीटकनाशक फवारू नये, एवढ्याच चार मागण्या त्यात आहेत. अर्जाची पोच मिळाली आहे. परिसरातल्या ज्यांना त्यावर सही करायची असेल त्यांनी कळवावे. येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी त्याच बाभळीपाशी असेन.