पंत कडी काढतात

आमच्याकडे दोन मांजरं आहेत असं मी लोकांना सांगते. पण दोन्ही एकाच वेळी घरात आहेत असा योग ग्रहणासारखाच, अधूनमधून येतो.

बोक्याचं नाव पंत, मांजरीचं ठमी. दोघांची ऑपरेशनं झाली, रेबीजची लस टोचून झाली, आणि डॉक्टर म्हणाले, "आता घरातच ठेवा. बाहेर गाड्या, कुत्री, मारामाऱ्या." मी मान डोलावली. डॉक्टरांचं घर स्लॅबचं असणार. आमचं बेळगावच्या शहापुरातलं, मंगळुरी कौलांचं. अशा घरात माणसांसाठी दारं दोन असतात आणि मांजरांसाठी कौलं असतील तितकी. कौल रिपेवर नुसतं अडकवून ठेवलेलं असतं, खालून डोक्यानं रेटलं की सरकतं. पंतांना हे आठवड्यात समजलं. आम्हाला जूनमध्ये समजलं, पहिला पाऊस थेट आमटीच्या पातेल्यात उतरला तेव्हा. कौलं परतायला आलेला माणूस वर चढला, बराच वेळ गप्प बसला आणि खाली वाकून म्हणाला, "वैनी, हे वाऱ्याचं काम न्हवं. कोणतर रोज काढालंय."

माळ्याखाली जाळी मारली. आता सगळा भार दारांवर आला. पुढच्या दाराला आजेसासऱ्यांच्या वेळची कडी आणि कोयंडा आहे, तिथं कुणाचं काही चालत नाही. मागच्या दाराला मात्र मीच हौसेनं नवीन हँडल बसवून घेतलं होतं, खाली दाबायचं. पंत पोत्यावरून उडी मारतात, दोन्ही पंजांनी हँडलला लोंबकळतात, साडेपाच किलोच्या वजनानं ते खाली येतं, दार किलकिलं होतं, आणि त्या फटीतून ठमी निघून जाते. ती स्वतः कधी कष्ट करत नाही. दार उघडेपर्यंत अंग चाटत बसते, सरकारी गाडीची वाट बघणाऱ्या बाईसाहेबांसारखी.

सुताराला बोलावून हँडल उलटं बसवलं, वर उचलायचं. दोन दिवस घरात सुतक होतं. तिसऱ्या दिवशी पहाटे दूधवाल्यानं हाक मारली, मी दार उघडलं, आणि तांदळाच्या पोत्यामागून काहीतरी पिवळं माझ्या पायांमधून गेलं. म्हणजे आता हँडल मीच.

न्हाणीघराच्या झरोक्याबद्दल मी निर्धास्त होते. चार बोटांची फट, तिच्यातून कोण जाणार? एका रात्री दोन वाजता त्या झरोक्याखाली उभी राहून मी मोबाइलवर वाचलं की मांजराच्या गळ्याजवळचं हाड दुसऱ्या कुठल्याच हाडाला जोडलेलं नसतं, स्नायूंतच तरंगत असतं, म्हणून डोकं गेलं की खांदेही जातात. वाचून होईपर्यंत ठमीची शेपटी दिसेनाशी झाली होती.

आणि मग शोधाशोध. ताटलीत सुकट, हातात चमचा, अंगावर गाऊन, त्यावर टॉवेल. रात्रीच्या गल्लीत "पंत, ओ पंत, या की आता" असं ओरडलं की दोन घरं सोडून राहणारे निवृत्त मास्तर खिडकीत येतात. त्यांना सगळी गल्ली पंतच म्हणते. पहिल्या वेळी त्यांनी विचारलं, "काय झालं?" आता नुसते हात हलवतात, इकडं नाही म्हणून. खासबागेकडं मागांचा खडखडाट चालू असला की पंतांना माझी हाक ऐकू येत नाही. सुकटीची पिशवी मात्र मी स्वयंपाकघरात उघडली तरी ऐकू येते.

सासूबाईंचा माझ्या बंदोबस्तावर विश्वास नाही. "मांजर काय कोंडून घालायची वस्तू काय गं? आमच्या वेळेला मांजर दिवसभर फिरायचं आन जेवायला यायचं. तुझे सासरे बी तसेच." यावर काय बोलणार?

गेल्या महिन्यात पंत सलग तीन रात्री गायब होते आणि सकाळी येऊन दुधाला तोंड लावत नव्हते. पोट तर टम्म. संशय आला म्हणून चौथ्या संध्याकाळी मी त्यांना मुद्दाम सोडलं आणि मागं मागं गेले. मागची बोळ, पडकी भिंत, शेवग्याचं झाड, आणि पलीकडच्या गल्लीतल्या कन्नड अज्जींचा कट्टा. अज्जी दारात बसल्या होत्या. त्यांनी हाक मारली, "बारो बस्या!" आणि माझ्या एकाही हाकेला आयुष्यात न आलेले पंत शेपूट उभी करून धावत गेले. बसवण्णाचा बस्या. जे मांजर एका जागी पाच मिनिटं बसत नाही त्याचं नाव बस्या! पण मी काय बोलू? आमच्या गावालाच दोन नावं आहेत, 2014 पासून पाटीवर एक आणि आमच्या तोंडात दुसरं. मांजरानं तरी का एकावर भागवावं?

मला बघून अज्जींनी पाट सरकवला. मी काही बोलायच्या आत त्यांनीच गाऱ्हाणं सुरू केलं.

"काय सांगू बाई, आमचं बस्या लई शाणं. पण घरात ऱ्हात न्हाई बघा. दिवसभर कुठं जातंय की. पलीकडं कोणतर त्याला कोंडून घालालंय म्हणं."

पंत माझ्याकडे बघत होते. ओळख दाखवली नाही. मीही नाही दाखवली.