हिवाळ्यातील व्यायाम आणि स्नायूंची दुखापत : एक खुलासा

‘ज्यांचा स्नायू वारंवार दुखावतो त्यांनी हिवाळाभर व्यायाम बंद ठेवावा,’ हा सध्या फिरत असलेला सल्ला दिशाभूल करणारा आहे. गार पडलेला स्नायू कमी वेगाने आकुंचन पावतो, एवढे त्यात खरे आहे. मात्र दीर्घ विश्रांतीने स्नायूची ताकद घटते आणि पूर्वी दुखावलेला, पण पुरेसा बळकट न झालेला स्नायू पुन्हा दुखावण्याची शक्यता अधिक असते. म्हणून 10 ते 15 मिनिटे हलक्या हालचालींनी शरीर तापवून (नुसते स्वेटर घालून नव्हे), मग वेग हळूहळू वाढवावा. मांडीच्या मागच्या स्नायूसाठी, तो लांबत असताना भार पेलणारे व्यायाम विशेष उपयुक्त ठरतात. अचानक तीव्र कळ आल्यास मात्र थांबून तपासणी करून घ्यावी.