‘फुकट राबवून घेणाऱ्यांचे दलाल’ म्हणालात ताई, त्यावर

ताई, तुमची कमेंट परवाच वाचली. नाइट करून झोपलेलो, उठून मोबाईल हातात घेतला तर पहिली तीच. लगेच एक उत्तर टाइप पण केलं होतं पण पाठवलं नाही, कारण परत वाचल्यावर लक्षात आलं की त्यात तुमच्या पोरीबद्दल दोन ओळी आणि माझं कौतुकच दोन पानं होतं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. ताईंच्या मुलीनं बारावी झाल्यावर माझा जुना लेख वाचला, ‘हॉस्पिटलात करिअर करायचंय तर आधी सेवा करा’ हा. आणि ती एका खाजगी हॉस्पिटलात चार महिने रोज नऊ ते पाच बिनपगारी जात होती. काम काय, तर रिसेप्शनवर फाईली लावणं, फोन घेणं, झेरॉक्स. शेवटी सर्टिफिकेट मागितलं तर आमच्यात तसली पद्धत नाही म्हणाले. आता ती म्हणते नर्सिंगच नको. ताईंचं म्हणणं असं की हे अमेरिकेतलं फॅड इथं खपवू नका, तुम्ही फुकट राबवून घेणाऱ्यांचे दलाल आहात, आणि स्वतःच्या बहिणीला पाठवाल का असं?

बहिणीचं शेवटी सांगतो.

अमेरिकेचं तुमचं बरोबर आहे. तिकडं मेडिकलला अ‍ॅडमिशन देताना पोरानं दवाखान्यात सेवा केली का ते बघतात, आणि यूट्यूबवरचे सल्ले तिथूनच उचललेले असतात. आपल्याकडं एमबीबीएस नीटच्या मार्कांवर, बीएस्सी नर्सिंगला सीईटी, जीएनएम म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला बारावी. कुठल्याच फॉर्मवर सेवेच्या तासांचा रकाना नाही. हे मी लेखात पहिल्याच ओळीत लिहायला पाहिजे होतं आणि लिहिलं नाही, उलट ‘निदान सहा महिने तरी द्या’ असं ठोकून दिलं. सहा महिने कुणी द्यायचे, ज्याच्या घरात दुसरा कमावणारा आहे त्यानंच ना. मी स्वतः तेव्हा संध्याकाळी मेडिकलच्या दुकानात पगारी काम करत होतो आणि सेवा फक्त रविवारी, ते मात्र लेखात सोयीस्कर विसरलो.

आता तुमच्या मुलीचं जे झालं त्याला मी सेवा म्हणणारच नाही. माझी एक साधी परीक्षा आहे, आज तुम्ही गेला नाही तर तिथलं काम अडतं का? अडत असेल तर ती नोकरी आहे, पगार मागायचा. ती एक दिवस गेली नसती तर रिसेप्शनला दुसरं कुणीतरी बसवावं लागलं असतं की नाही? मग झालं तर. ‘स्वयंसेविका’ हा शब्दच लई सोयीचा आहे बघा. आशाताई २००५ पासून दारोदार फिरतायत, बाळंतपणं, लसीकरण, कोरोनात तर विचारूच नका, २०२२ ला जागतिक आरोग्य संघटनेनं त्यांचा सन्मान केला, पण कागदावर त्या अजून स्वयंसेविकाच, पगार नाही, मोबदला आणि मानधन, आणि त्यासाठी पण दर थोड्या दिवसांनी मोर्चा काढायला लागतो. त्यामुळं तुमचा राग मला कळतो.

पण ‘सेवा करून काही मिळत नाही’ हे तुमचं वाक्य मला पटत नाही, आणि भांडण तेवढंच आहे.

माझी सुरुवात इथं कोल्हापुरात, आमच्या पेठेतल्या तालमीच्या रक्तदान शिबिरात झाली. शिवजयंतीला आपल्याकडं अशी शिबिरं किती होतात तुम्हाला माहीतच आहे. मला काम दिलं चहा-बिस्कीट वाटायचं आणि रक्त दिलेल्याला दहा-पंधरा मिनिटं उठू द्यायचं नाही. सोपं वाटतंय ना? आखाड्यातला नव्वद-पंच्याण्णव किलोचा पैलवान, साडेतीनशे मिलीची पिशवी भरली, म्हटला मला काय होतंय, ताडकन उठला आणि चार पावलांवर सरळ खाली. मी घाबरून पाणीच आणायला पळालो. सिस्टरनी त्याला आहे तिथंच आडवा ठेवला, पाय वर उचलून धरले, दोन मिनिटांत डोळे उघडले गड्यानं. मला म्हणाल्या, शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचं नसतं रे बाळा. ते आजपर्यंत विसरलो नाही, आणि पुढं जीएनएमला तो धडा आला तेव्हा वर्गात मी एकटाच हसत होतो.

मग २०१९ चा महापूर. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आणि राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर, शिरोलीला हायवे बंद, चिखली-आंबेवाडीची माणसं शाळांमध्ये, मंगल कार्यालयांत आणून ठेवलेली. तिथल्या एका कॅम्पवर मी वही घेऊन बसायचो. नाव, वय, काय होतंय, कुठली गोळी चालू आहे. लोकं नेसत्या कपड्यांवर निघालेली, बीपी-शुगरच्या गोळ्या घरातच पाण्यात गेलेल्या, आणि विचारलं कुठली गोळी तर सगळ्यांचं उत्तर एकच, ‘पांढरी बारकी’. आता बीपीची पण पांढरी, शुगरची पण पांढरी. एका आजींना मी आपला अंदाजानं म्हटलं की तुमची ही असेल आणि पाकीट त्यांच्या हातात दिलं. मेडिकलच्या दुकानात काम करत होतो ना, तेवढी मस्ती होती. डॉक्टर मॅडमनी ते पाकीट आजींच्या हातातनं काढून घेतलं आणि सगळ्यांच्या देखत मला झाडलं, आधी शुगर बघितली, बीपी बघितला, मग गोळी दिली. रात्री घरी गेलो तर जेवण गेलं नाही. त्या आजींना काही झालं असतं तर? दुसऱ्या दिवशी जायची लाज वाटत होती, तरी गेलो. आणि त्या दिवशी दिवसभर लोकांच्या चिखल्या बघितल्या, पायाच्या बोटांच्या बेचक्यात सडलेली कातडी, वास, धुवायचं, कोरडं करायचं, मलम लावायचं. मला किळस आली नाही. म्हणजे आली, पण हात थांबला नाही. घरात ‘नर्स? ते बायकांचं काम’ चाललेलंच होतं, पण माझं त्या दिवशी ठरलं होतं.

हे मला फुकट मिळालं ताई. खाजगी कॉलेजची फी भरून, वर्ष घालवून मग कळण्यापेक्षा आधी कळलं. माझ्या बॅचमधली दोन पोरं पहिल्यांदा वॉर्डला पाय ठेवल्यावर सोडून गेली, एकाच्या वडिलांनी फीसाठी म्हैस विकली होती.

म्हणून तुमच्या मुलीला एकच विचारा, रागावू नका. तिला पेशंट नको झालाय का रिसेप्शन नको झालंय? चार महिन्यांत तिनं एकाचा तरी हात धरून बाथरूमपर्यंत नेलं का, एखादं ड्रेसिंग लांबून तरी बघितलं का? नसेल तर तिनं नर्सिंग अजून बघितलेलंच नाही, मग नाही कशाला म्हणायचं, आणि हो पण कशाला.

परत जायचं असेल तर रोज नको, रविवारचे तीन-चार तास बास. केरळात घरी पडून असलेल्या पेशंटकडं नर्सबरोबर जाणारे गावातलेच स्वयंसेवक असतात, त्यांच्याकडून मागतात आठवड्याला दोन तास, आणि आधी ट्रेनिंग देतात मग पेशंटजवळ पाठवतात. असं असावं. आपल्याकडं कोल्हापुरात सीपीआरला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, कुठल्याही सकाळी जाऊन केसपेपरची लाईन बघा, खेड्यातनं आलेल्या म्हाताऱ्या माणसाला कुठल्या खिडकीवर जायचं, मोफत उपचाराच्या फुले योजनेला रेशन कार्ड लागतं, ते घरी राहिलंय, आता काय, एवढं सांगणारं माणूस पण देवासारखं वाटतं. पण तिथं पण आधी विचारून, परवानगी घेऊनच, नाहीतर सिक्युरिटीवाले एजंट समजून हाकलतील. आणि सुईला हात लावायचा नाही, कुणी कितीही ‘जरा धर गं’ म्हटलं तरी. हिपॅटायटिस बीची लस घेतली नसेल तर घ्यायला सांगा, तीन डोस, पहिला, एक महिन्यानं, सहा महिन्यांनी. चुकून टोचलीच तर बोट पिळत बसायचं नाही, साबण-पाण्यानं धुवायचं आणि त्याच मिनिटाला इनचार्जला सांगायचं, कारण एचआयव्हीच्या बचावाच्या गोळ्या लवकरात लवकर, ७२ तासांच्या आत चालू व्हायला लागतात. लाजून गप बसणारी पोरं बघितलीत मी.

त्या हॉस्पिटलला एक साधा अर्ज द्या, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत आणि काय काम केलं ते लिहून, सही-शिक्क्याची पोच घ्या. सर्टिफिकेटला अ‍ॅडमिशनला किंमत शून्य आहे, पण तिच्या चार महिन्यांची नोंद कुठंतरी राहू दे. आणि माझ्या लेखातली ती सहा महिन्यांची ओळ आज खोडली, खाली तुमच्या कमेंटमुळं खोडली असं लिहिलंय.

आता बहीण. पाठवलं होतं. अकरावीला असताना, दोन रविवार, मी स्वतः बरोबर होतो. दुसऱ्या रविवारी एका काकांना तिच्यासमोरच उलटी झाली, ती बाहेर जाऊन पायरीवर बसली आणि म्हणाली दादा, मला हे नाही जमणार. केएमटी बसच्या तिकिटात निकाल लागला. सध्या बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि माझा इन्कमटॅक्सचा फॉर्म तीच भरते.