होडीत बसून मार खायचा वीकेंड

कनू पोलो हा खेळ ज्याने कुणी शोधून काढला त्याला साधा वॉटर पोलो फारच सुरक्षित वाटत असणार. पाच-पाच जणांच्या दोन टीम, प्रत्येकजण कमरेपर्यंत तीन मीटरच्या कयाकमध्ये, म्हणजे वरून बंद अशा अरुंद होडीत, कोंबलेला, डोक्यावर जाळीचं हेल्मेट, हातात वल्हं, आणि गोल कुठे तर पाण्यापासून दोन मीटर वर टांगलेला, एक मीटर उंच नि दीड मीटर रुंद, म्हणजे आमच्या सांगलीच्या घरातल्या माजघराच्या खिडकीएवढा. त्यात चेंडू घालायचा. आणि ज्याच्या हातात चेंडू असेल त्याच्या खांद्याला उघड्या हाताने ढकलून त्याला होडीसकट उलटं केलं तर त्याला फाऊल म्हणत नाहीत, वर काठावरचे लोक टाळ्या वाजवतात.

मी एसेनला राहते, जर्मनीत, आणि इथे या खेळाची चक्क बुंडेसलिगा, म्हणजे देशपातळीवरची लीग, आहे. जवळच्या डुइसबुर्गला २००५ च्या वर्ल्ड गेम्समध्ये, म्हणजे ऑलिंपिकमध्ये नसलेल्या खेळांच्या जागतिक स्पर्धेतसुद्धा, हा खेळ झालाय. त्यामुळे ऑफिसात कुणी सहज विचारलं की येतेस का कनू पोलोला, तर त्यात काही विशेष नसतं. पोहता येतं का विचारलं, मी म्हटलं येतं, पाठीला डबा बांधून कृष्णेत शिकलेय. झाली टीममध्ये भरती. पोहण्याचा या खेळात काडीचा उपयोग नाही हे मला कुणी सांगितलं नाही, कारण पोहायची वेळ आली म्हणजे तुम्ही होडीतून बाहेर पडलात, आणि बाहेर पडलात की खेळातूनही बाहेर. उलटं झाल्यावर पाण्याखाली डोकं खाली असताना वल्हं फिरवून कमरेच्या झटक्याने परत सरळ व्हायचं असतं, त्याला रोल म्हणतात. हिवाळाभर एका स्विमिंग पूलमध्ये आमचा कॅप्टन "कमरेने, कमरेने, डोकं शेवटी!" असं ओरडत होता. आता नाकातोंडात पाणी गेलेल्या माणसाला सगळ्यात आधी वर काय काढावंसं वाटणार?

तर स्पर्धा होती बाल्डेनाय तलावावर. रूर नदीला बांध घालून १९३३ साली केलेला हा तलाव, दिसायला फार देखणा, पण १९७१ पासून त्यात पोहायला बंदी होती, पाणी खराब म्हणून. २०१७ मध्ये ती उठली, पण फक्त एका ठरावीक जागी. आम्ही त्या ठरावीक जागी नव्हतो. त्या पाण्याची चव मी नीट, पुन्हा पुन्हा घेतलेली आहे आणि त्यात शेवाळासारखी एक वनस्पती इतकी माजते की ती कापायला खास बोटी फिरतात, तरी तिचा थोडा भाग माझ्या हेल्मेटच्या जाळीत उरलाच.

राहायचं तंबूत, काठावरच्या गवतावर. त्या गवताचे खरे मालक नाईल गूज, म्हणजे एक भांडकुदळ जातीचे हंस, ते रात्रभर आपसात भांडतात आणि सकाळी सगळीकडे हिरवट प्रसाद ठेवून जातात. शनिवारी पहाटे मी तंबूबाहेर पहिलं पाऊल नेमकं त्यातच ठेवलं, अनवाणी.

पहिली मॅच आठ वाजता. समोरची टीम कॉलेजच्या पोरापोरींची, वॉर्मअपलाच हसत हसत रोल मारणारी. दोन्ही टीम आपापल्या गोललाइनवर उभ्या, शिट्टी वाजली, चेंडू मध्ये पडला, आमचा सगळ्यात फास्ट माणूस निघाला आणि तो पोचेपर्यंत त्यांचा गोल झालेला. दहा-दहा मिनिटांचे दोन हाफ असतात, हे ऐकायला फार कमी वाटतं.

नियम असा आहे की चेंडू हातात पाच सेकंदांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. आमच्या टीमने हा नियम मनापासून आवडून घेतला. पाच कशाला, आम्ही एकात देतो. चेंडू आला की तो दुसऱ्याच्या गळ्यात मारायचा, कारण चेंडू जवळ आहे तोवरच तुम्हाला ढकलायची परवानगी. हे टीमवर्क काठावरून म्हणे फार सुंदर दिसत होतं, फास्ट पासिंग वगैरे. फक्त त्याची दिशा आपल्याच गोलकडे होती. ९-१ ने हरलो, आणि तो एक गोलसुद्धा त्यांच्या गोलकीपरने वर धरलेल्या वल्ह्यावर आपटून आत गेला.

हरलात म्हणून घरी जाऊ देत नाहीत. तुमची मॅच झाली की पुढच्या मॅचचे रेफरी तुम्हीच पुरवायचे. मी ओल्या कपड्यांत काठावर शिट्टी घेऊन उभी, आणि पाण्यातले ते धिप्पाड जर्मन माझ्याकडे अशा आशेने बघतायत की हिला कळलं असेल. मी एकाला हिरवं कार्ड, म्हणजे ताकीद, दाखवलं. त्याने "का?" विचारलं. मी दुसरं दाखवायला खिशात हात घातला तसा तो गप्प झाला, हा रेफरी लोकांचा फंडा मला तिथेच समजला.

दुपारी आईचा व्हिडिओ कॉल. "अगं पण वल्हं डोक्याला लागलं तर?"

"आई, हेल्मेटला जाळी असते."

"जाळी लावलीय म्हणजे लागतंच की मग."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी फोन फिरवून तिला तलाव दाखवला. "छान आहे," म्हणाली, "काठावर बसायला."

पण हरणं, मार, हंस, हे सगळं एकीकडे आणि रविवारी सकाळी ओलं निओप्रीन, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा रबरी सूट, घालणं एकीकडे. रात्रभर तंबूच्या दोरीवर ते वाळत नाही, उलट दव पिऊन जड होतं. बाहेर ऊन नाही, आपण कोरडे, उबदार, आणि त्या गार चिकट नळीत पाय घालायचा. पोटरीपर्यंत जातो, तिथे अडकतो. मग एका पायावर उड्या, मग तंबूला धरणं, मग तंबू खाली. गुडघ्याच्या वर चढलं की आतलं कालचं पाणी पिळून घोट्यातून बाहेर येतं, आणि त्याला वास असतो. पाठीची चेन लावायला कुणाला तरी हाक मारावी लागते, तो गार बोटांनी येतो. अख्खा कॅम्प त्या वेळी निरनिराळ्या भाषांत एकच शब्द पुटपुटत होता.

शेवटची मॅच शेवटच्या नंबरासाठी, समोर पन्नाशीपुढचे काका-काकू. मला वाटलं इथे तरी. एका काकूंनी मला "सॉरी हं" म्हणून, खरंच सॉरी म्हणून, दोन बोटांनी उलटवलं. पण मी रोल मारला! पहिल्यांदाच, मॅचमध्ये, कमरेने! वर आले, डोळ्यांतलं पाणी झटकलं, आणि आमची सगळी टीम ओरडत होती, मी पण ओरडले. त्या आनंदात काकूंनी गोल केला.

संध्याकाळी होड्या ट्रेलरवर बांधून झाल्या, पट्टे आवळले, आणि कॅप्टनने विचारलं, हे ओले नंबरांचे बिब्स धुवायला कोण नेणार? सगळे एकदम तलावाकडे बघायला लागले. मीही बघणार होते, पण माझ्याच हातात ती पिशवी कुणीतरी आधीच दिलेली होती, बहुधा फास्ट पासिंगमध्ये.