पसंतीक्रम एक ते दहा

दहावीचा निकाल लागला की सिडकोतल्या आमच्या गल्लीत माझा भाव एकदम वधारतो. एरवी "सर, फिरायला का?" एवढ्यावर भागवणारी माणसं घरी येतात, येताना पेढे आणतात, आणि पेढ्यांच्या बॉक्सखाली फाइल असते. निवृत्त शिक्षकाला अकरावीचा फॉर्म भरता येतोच, असा एक समज आहे. मी शाळेत चित्रकला शिकवायचो, हे कोणी मनावर घेत नाही.

नाशकात हे प्रवेश २०१७ पासून ऑनलाइन आहेत. २०२५ पासून तर राज्यभर झाले, त्यामुळे आता गावाकडच्या पाहुण्यांनाही माझी आठवण येते.

यंदा पहिला मान सोहमच्या घराचा. आई, मामा आणि सोहम.

"काय घ्यायचंय?" मी सोहमला विचारलं.

"आम्ही सायन्स घेतोय," आई म्हणाली.

"टक्के?"

"आम्हाला एक्क्याऐंशी पडले."

"एक्क्याऐंशी पॉइंट चाळीस," मामांनी दुरुस्ती केली. ही बेस्ट ऑफ फाइव्हची, म्हणजे सहातले चांगले पाच विषय धरण्याची कृपा. संस्कृत नसतं तर चाळीस गेलेच होते. सोहम पेढा खात होता.

भाग एक म्हणजे नाव, पत्ता, गुण, आरक्षण. सोपा भाग. पण नंबर दिलेला बाबांचा, बाबा अंबडला फर्स्ट शिफ्टला, आणि कंपनीत मोबाइल गेटवर जमा करावा लागतो. ओटीपी गेला. म्हणजे सोहमचं भवितव्य दुपारी साडेतीनपर्यंत वॉचमनच्या खणात पडून होतं. तोवर मामांनी पासवर्ड ठरवला. "लिहून कशाला ठेवायचा? माझ्या लक्षात राहतो," ते म्हणाले. मी गुपचूप कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला. मामा लोकांचा मला अनुभव आहे.

खरी लढाई भाग दोनची. कमीत कमी एक, जास्तीत जास्त दहा कॉलेजं, पसंतीच्या क्रमानं. बाबा आले ते डबा हातात घेऊनच. "पहिलं आरवायके टाका, सर. टाकायला काय जातं?" आरवायके म्हणजे कॉलेज रोडवरचं सायन्स कॉलेज, आणि कॉलेज रोड म्हणजे नाशकातल्या पोरांचा फिरायचा अड्डा.

"पहिल्या पसंतीचं मिळालं तर घ्यावंच लागतं. नाही घेतलं तर पुढच्या नियमित फेऱ्या बंद."

"म्हणजे मिळालं तर पंचाईत?"

आई म्हणाली, पंचाईत बसची आहे. केटीएचएम चांगलं, पण गंगापूर रोडला पोरगं रोज जाणार कसं? तेवढ्यात मामा पुढे सरकले आणि दाराकडे एकदा बघून हळू आवाजात म्हणाले, "सर, आपल्याला हवं ते चौथ्या नंबरवर टाका. कॉम्प्युटरला कळू द्यायचं नाही आपला जीव कशात अडकलाय."

मेन रोडवर साडी घेताना जी युक्ती चालते ती इथे चालत नाही, हे समजवायला अख्खा चहा गेला. कॉम्प्युटर आधी गुण बघतो, मग तुमची यादी वरून खाली वाचतो आणि जिथे पहिल्यांदा जागा बसते तिथे थांबतो. चौथ्यावर टाकलेलं हवंय, आणि तिसऱ्यावरच जागा बसली, तर चौथ्यापर्यंत तो पोचतच नाही. म्हणून जे मनापासून हवं ते वर, गेल्या वर्षीचा कटऑफ बघून मिळण्यासारखं मध्ये, आणि हमखास मिळेल असं एक तळाला. मामांनी मान डोलावली. पटलेलं नव्हतं. फॉर्म लॉक करताना "सर, बघा हं!" असं बजावलं, म्हणजे काही बिघडलं तर ते माझ्यामुळे.

या सगळ्यात सोहमला काय हवंय हे मी पुन्हा विचारून पाहिलं. त्यानं आईकडे बघितलं. आई म्हणाली, "त्याला काय कळतंय?"

यादी लागली. दुसऱ्या पसंतीचं मिळालं. बसही घरासमोरून. बाबा पुन्हा पेढे घेऊन आले, खुर्चीत ऐसपैस बसले.

"चला, नावाची सोय झाली. आता कॉलेजला फक्त प्रॅक्टिकलपुरतं जायचं. बाकी दिवसभर क्लास. इंटिग्रेटेड घेतलंय ना!"

मी आईकडे पाहिलं. बसच्या वेळा लिहिलेला कागद अजून तिच्या हातात होता.

तेव्हा सोहमनं पेढा खाली ठेवला आणि प्रवेश प्रक्रियेतलं आपलं पहिलं वाक्य उच्चारलं.

"मग कॉलेज रोडला जायचं कधी?"